लोणार गुलाबी झालं होतं, मग माझ्या इमेजमध्ये ते हिरवं का? बँड आणि रंगाच्या गोंधळावर जरा सविस्तर

आधी प्रश्न काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं ते सॅटेलाइट इमेजवर दाखवायचंय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. त्यांनी सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहाचे बी०२, बी०३, बी०४ आणि बी०८ असे चार बँड उतरवले, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करून एक फाइल केली, आणि "सेंटिनलला खरा रंग हवा तर ४-३-२ लावा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून ४-३-२ लावलं. तर काठावरची झाडी लालभडक आणि तळं काळपट हिरवं. मग तीच फाइल हलकी करून, म्हणजे आठ बिटचा (० ते २५५ एवढेच आकडे मावणारा) टिफ करून मैत्रिणीला पाठवली, तर तिच्याकडे तळ्याच्या जागी भोक. शेवटी वैतागून आपल्या लिस-३ ची, म्हणजे इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची, इमेज घेतली तर त्यात निळा बँडच सापडेना. आणि मग विचारलंय की सॅटेलाइटला तो गुलाबी रंग दिसलाच नाही का.

दिसलाय हो. तुमच्या फाइलमध्ये तो आत्ता या क्षणीही आहे, फक्त तुम्ही तो चुकीच्या दिव्याला जोडलाय.

स्क्रीनला तीनच दिवे असतात, लाल, हिरवा, निळा. प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे द्यायचे, ० ते २५५, की तो रंग दाखवतो, त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. उपग्रहाच्या फाइलमध्ये मात्र रंग नावाची गोष्टच नसते, तिथे नुसते करडे थर असतात, एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक थर म्हणजे अमुक एका तरंगलांबीचा प्रकाश जमिनीवरून किती परत आला त्याचे आकडे. सेंटिनल-२ कडे असे तेरा थर आहेत, ४४३ नॅनोमीटरपासून २१९० पर्यंत. तेरातले कुठलेही तीन उचलायचे आणि तीन दिव्यांना जोडायचे, एवढंच ते "बँड कॉम्बिनेशन". वायरमन जसा कुठल्या बटणावर कुठला दिवा ते ठरवतो तसं. वायर उलटसुलट लागली म्हणून दिवा खराब होत नाही तसंच इथेही फाइलमधले आकडे जागचे हलत नाहीत, म्हणून बिनधास्त खेळा.

आता तुमची मुख्य चूक, जी मी दर दोन महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या स्क्रीनवर बघतो. लोक ४-३-२ म्हणतात तेव्हा त्यांना बी०४, बी०३, बी०२ म्हणायचं असतं, म्हणजे उपग्रहाचं स्वतःचं नाव, लाल ६६५ नॅनोमीटर, हिरवा ५६०, निळा ४९०. क्यूजीआयएसच्या डब्यात जे "बँड ४" लिहून येतं ते मात्र तुमच्या फाइलमधला चौथा थर. तुम्ही चारच फाइली एकत्र केल्या, बी०२ पहिली, बी०३ दुसरी, बी०४ तिसरी, बी०८ चौथी. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये ४-३-२ लावलं की लाल दिव्याला गेला बी०८ म्हणजे निअर इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश), हिरव्याला गेला लाल आणि निळ्याला हिरवा. हा झाला स्टँडर्ड एफसीसी, फॉल्स कलर कॉम्पोझिट. झाडी लाल दिसणारच, ते अगदी बरोबर आहे, फक्त तुम्हाला हवं ते नाहीये. तुमच्या फाइलला खरा रंग येतो ३-२-१ ला. लेयर प्रॉपर्टीज, सिम्बॉलॉजी, मल्टिबँड कलर, तिथे लाल समोर ३, हिरव्यासमोर २, निळ्यासमोर १.

तळं हिरवं का आलं ते मला फार आवडलं, कारण ते हिशोबाने सिद्ध होतं. पुढचे आकडे समजण्यापुरते घेतोय, तुम्ही आयडेंटिफाय टूलने तळ्यात क्लिक करून स्वतःचे बघा. समजा गुलाबी पाण्याच्या एका पिक्सेलला निळ्यात ७००, हिरव्यात ६५०, लालमध्ये १२०० आणि इन्फ्रारेडमध्ये ५०० आलेत. लोणारच्या त्या गुलाबी रंगामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव होते, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून ते सांगितलं होतं. त्यांच्यातलं कॅरोटिनॉइड जातीचं रंगद्रव्य निळा-हिरवा प्रकाश खातं आणि लाल परत टाकतं, त्यामुळे लाल आकडा वर, बाकीचे खाली. आता तिन्ही दृश्य बँडना कमीतकमी ० आणि जास्तीतजास्त ३००० धरा, म्हणजे ३००० ला दिवा पूर्ण पेटणार. ३-२-१ लावलं तर लाल दिवा १०२, हिरवा ५५, निळा ६०. मळकट गुलाबी, बिटाचा रस पाण्यात पडल्यासारखं. आता तुमचं ४-३-२ लावा, इन्फ्रारेडला कमाल ५००० धरून, कारण झाडीमुळे त्या बँडचे आकडे मोठे असतात. लाल दिव्याला ५०० चे झाले २५, हिरव्या दिव्याला गेला १२०० म्हणजे १०२, निळ्याला ५५. काय रंग झाला? काळपट हिरवा! म्हणजे ज्या दिवशी तळं गुलाबी होतं नेमकं त्याच दिवशी ते एफसीसीमध्ये हिरवं दिसणार. गंमत म्हणजे एरवी लोणारचं पाणी शेवाळामुळे हिरवट असतं, तेव्हाचा पिक्सेल समजा निळा ६००, हिरवा ९००, लाल ५००, इन्फ्रारेड ३०० असेल तर एफसीसीमध्ये तो येतो १५, ४२, ७६, म्हणजे काळसर निळा. हिरवं पाणी निळं दिसतं आणि गुलाबी पाणी हिरवं दिसतं. एक घर सरकलंय सगळं, बाकी काही नाही.

हे घर सरकणं आलं कुठून, हेही सांगतो, कारण "लाल म्हणजे झाड" ही उरफाटी पद्धत कुणी काढली असं प्रत्येक नवीन पोरगं विचारतं. ही उपग्रहांच्या आधीची, फिल्मच्या काळातली आहे. दुसऱ्या महायुद्धात कोडॅकने इन्फ्रारेडला संवेदनशील रंगीत फिल्म बनवली, हिरव्या रंगाच्या कापडाखाली लपवलेली तोफ आणि खरी झाडं यातला फरक विमानातून कळावा म्हणून. पान निअर इन्फ्रारेडमध्ये चाळीस-पन्नास टक्के प्रकाश परत फेकतं, त्याच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे, पण कापडाला लावलेला हिरवा रंग तसं करत नाही. फिल्मला तीनच थर, म्हणून निळा प्रकाश पिवळ्या फिल्टरने बाहेर ठेवला आणि बाकीचे तिघे एकेक जागा खाली सरकवले, इन्फ्रारेड लाल, लाल हिरवा, हिरवा निळा. अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह १९७२ ला गेला तेव्हा फोटो वाचणाऱ्यांचे डोळे याच रंगांना सरावलेले होते, तीच सवय पुढे आली आणि आजही एफसीसी म्हटलं की हेच. आमच्याकडे एकदा गावकऱ्यांसमोर पाणलोटाचा नकाशा लावला होता, डोंगरभर लालच लाल, एक आजोबा म्हणाले, अहो एवढा वणवा लागला आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही? तेव्हापासून गावात न्यायच्या नकाशावर मी एफसीसी लावत नाही. ऑफिसात बसून पीक आणि पाणी वाचायचं असेल तर मात्र एफसीसीसारखं दुसरं काही नाही, नदीत जलपर्णी पसरली असेल तर काळ्या पाण्यावर लाल डाग असे उठून दिसतात की शोधावे लागत नाहीत. खऱ्या रंगात हिरवट पाण्यावर हिरवी जलपर्णी, डोळे फोडून घ्या.

बँडचा क्रम. इथे सगळ्यात जास्त लोक पडतात म्हणून जरा थांबतो. तुम्ही चारच फाइली घेतल्या म्हणून वाचलात. कुणी सेंटिनलच्या सगळ्या फाइली सिलेक्ट करून बिल्ड व्हर्च्युअल रास्टरला (क्यूजीआयएसमधलं फाइली एकत्र करायचं टूल) देतं तेव्हा त्या नावाच्या अक्षरक्रमाने लागतात, आणि बी८ए हा अक्षरक्रमात बी१२ च्याही नंतर येतो, कारण शून्य आणि एक आठच्या आधी. म्हणजे तरंगलांबीने जो बी०८ च्या शेजारी हवा तो शेवटच्या बाकावर. लँडसॅट ८ ला अजून वाईट, तिथे नावात आधी शून्य नाही, म्हणून बी१ च्या पाठोपाठ बी१० आणि बी११ म्हणजे थर्मल बँड घुसतात आणि बी२ चौथ्या नंबरवर जातो. दिसायला इमेज येते, एरर काही येत नाही, आणि तुम्ही निळ्याच्या जागी जमिनीचं तापमान लावून बसता. म्हणून यादी देताना हाताने वरखाली करा, आणि "प्लेस ईच इनपुट फाइल इन्टू अ सेपरेट बँड" ची टिक आहे ना बघा, ती नसेल तर चारही फाइली एकमेकांवर चिकटून एकच थर होतो. दहा मीटर आणि वीस मीटरचे बँड मिसळत असाल तर रिझोल्यूशनला हायेस्ट निवडा.

त्यात पुन्हा उपग्रह बदलला की नंबर बदलतात. लँडसॅट ५ आणि ७ ला एफसीसी म्हणजे ४-३-२, कारण त्यांचा बँड १ निळा होता. लँडसॅट ८ ला पुढे एक कोस्टल बँड आला, सगळं एकाने सरकलं, तिथे एफसीसी ५-४-३ आणि ४-३-२ म्हणजे खरा रंग. सेंटिनलला एफसीसी ८-४-३. म्हणजे "४-३-२" हे तीन आकडे एका ठिकाणी झाडं लाल करतात आणि दुसऱ्या ठिकाणी हिरवी. मी तर शिकवताना नंबर बोलायचेच बंद केलेत, "लाल दिव्याला काय जोडलं? तरंगलांबी सांग" असं विचारतो, पोरं सुरुवातीला चिडतात.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात कोकणातल्या एका कामात चार बँडची इमेज आली होती, तिचा क्रम निळा, हिरवा, लाल, इन्फ्रारेड असा. क्यूजीआयएसला फाइलमध्ये कुठला बँड कुठल्या रंगाचा ते लिहिलेलं सापडलं नाही की तो सरळ पहिला लाल, दुसरा हिरवा, तिसरा निळा धरतो. म्हणजे लाल आणि निळा अदलाबदल. झाडी बऱ्यापैकी हिरवीच दिसते कारण हिरवा मधोमध आहे, तो हलत नाही, त्यामुळे घाईत लक्षातच येत नाही. पण जांभ्याचा पिक्सेल घ्या, निळा ७००, हिरवा १०००, लाल २०००, खऱ्या जोडणीत १७०, ८५, ६० म्हणजे छान विटकरी, आणि उलट्या जोडणीत ६०, ८५, १७०, चक्क निळा. मी ए-झिरो साइजचा प्रिंट काढून मीटिंगला नेला, तिथले एक काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमची चिरेखाण निळी कधीपासून झाली रे?" मी म्हटलं पाणी साठलं असेल. मे महिना होता. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

म्हणून माझी सवय अशी झालीय की इमेज उघडली की आधी ओळखीच्या तीन गोष्टींवर आयडेंटिफाय टूलने क्लिक करायचं, एक दाट झाडी, एक खोल पाणी, एक उघडी माती. झाडीत एक बँड बाकीच्यांपेक्षा एकदम उंच उडी मारतो, तो इन्फ्रारेड. पाण्यात तोच सगळ्यात खाली जातो. लाल मातीत आकडे निळा, हिरवा, लाल असे चढत जातात. फाइलसोबत कुणी माहिती दिली नसेल तरी एवढ्यावर क्रम लागतो. फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका, पाठवणाऱ्यावर तर अजिबात नाही. ड्रोनच्या काही पाच बँडच्या कॅमेऱ्यांत चौथा इन्फ्रारेड आणि पाचवा रेड एज (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला) असतो, तरंगलांबीच्या क्रमाने नाही, तिथे हीच झाडीवरची क्लिक वाचवते.

आता स्ट्रेच. बँड बरोबर जोडूनही "काळंकुट्ट दिसतंय" किंवा "फटफटीत पांढरं दिसतंय" हा याचाच खेळ. फाइलमधला आकडा १२०० आहे आणि दिवा २५५ पर्यंतच जातो, तर १२०० ला किती पेटवायचं हे मिन-मॅक्स, म्हणजे वर धरलेले कमीतकमी आणि जास्तीतजास्त आकडे, ठरवतात. क्यूजीआयएस सोळा बिटच्या फाइलला आपोआप दोन ते अठ्ठ्याण्णव टक्के कापून ताणतो, आणि प्रत्येक बँडला वेगवेगळं ताणतो. म्हणून इमेज लगेच छान दिसते, धुकं गेल्यासारखं वाटतं, आणि इथेच तुमच्या प्रोजेक्टचा धोका आहे, नीट ऐका. तुम्ही तळ्यावर झूम केलं आणि "स्ट्रेच युजिंग करंट एक्स्टेंट" दाबलं की स्क्रीनवर जे काही आहे त्यातला लाल बँड पूर्ण ताणला जातो, हिरवा पूर्ण ताणला जातो, निळाही, आणि मग कुठल्याही साध्या दिवशीचं हिरवट तळंसुद्धा जांभळट, गुलाबी, काहीही दिसू शकतं. मी पैजेवर मार्चची इमेज गुलाबी करून दाखवतो. मग तुमच्या सरांनी विचारलं की हा रंग पाण्याचा की सॉफ्टवेअरचा, तर काय सांगणार?

त्यामुळे दोन तारखांची तुलना करायची तर मिन-मॅक्स हाताने टाका, तिन्ही बँडना एकच, आणि दोन्ही इमेजना तेच. ० ते ३००० ने सुरुवात करा. तळं फार काळपट वाटलं तर ० ते १५०० करा, मग तोच गुलाबी पिक्सेल २०४, ११०, ११९ होतो, म्हणजे वर्तमानपत्रात छापून आला होता तसा गुलाबी. बाहेरची शेतं फटफटीत होतील, होऊ देत, तुमचा विषय तळं आहे. पण मग मे महिन्याच्या इमेजलाही ० ते १५००च. स्टाइल कॉपी करून दुसऱ्या लेयरवर पेस्ट केली की झालं, पण त्याआधी मिन-मॅक्स सेटिंग्ज युजर डिफाइन्डवर आहे ना बघा, नाहीतर पेस्ट केल्यावर तो पुन्हा स्वतःचं डोकं चालवून ताणतो.

यात एक खड्डा सेंटिनलवाल्यांनीच खणून ठेवलाय. २५ जानेवारी २०२२ पासून, प्रोसेसिंग बेसलाइन ४.०० (इमेज तयार करण्याच्या पद्धतीची नवी आवृत्ती) आल्यापासून, प्रत्येक आकड्यात १००० जास्त घातलेले असतात, काळोख्या जागी आकडा शून्याच्या खाली जात असेल तर तो कापला जाऊ नये म्हणून. आणि जुन्या इमेजही त्यांनी नव्याने प्रोसेस करून ठेवल्यात, त्यामुळे २०२० ची इमेज आहे म्हणजे जुना हिशोब असं धरून चालू नका. फोल्डरच्या लांबलचक नावात एन आणि पुढे चार आकडे असतात, ते ०४०० किंवा त्याहून मोठे असले की १००० वजा करा, किंवा मिन-मॅक्समध्येच १००० ते ४००० टाका. तळ्यासारख्या काळोख्या जागी हे फार जाणवतं, कारण तिथे मूळ आकडाच पाचशे-सहाशे, त्यात हजार मिसळले की सगळे बँड जवळजवळ सारखे होऊन पाणी राखाडी दिसतं. दोन तारखांपैकी एक जुन्या बेसलाइनची आणि एक नव्या असं झालं तर तुलना गेली बाराच्या भावात. गूगल अर्थ इंजिनमध्ये काम करत असाल तर हार्मोनाइज्ड नावाचा संग्रह घ्या, तिथे हे वजा करून दिलेलं असतं.

आता ते भोक. आठ बिटचा चार बँडचा टिफ बनवला की जीडाल, म्हणजे क्यूजीआयएसच्या पोटातलं जे इंजिन आहे ते, असं समजतं की तीन रंग आणि चौथा अल्फा, पारदर्शकतेचा थर. २५५ म्हणजे भरीव, ० म्हणजे आरपार. तुमचा चौथा थर इन्फ्रारेड, पाणी इन्फ्रारेड गिळून टाकतं, तळ्यात आकडा वीस-पंचवीस, म्हणजे जवळजवळ काच. म्हणून भोक. मैत्रिणीला विचारा, बाकीची इमेजही फिकी फिकी असेल, मातीचा इन्फ्रारेड मध्यम असतो म्हणून ती अर्धवट पारदर्शक. तिला सांगा लेयर प्रॉपर्टीजमध्ये ट्रान्सपरन्सीच्या टॅबवर ट्रान्सपरन्सी बँडला नन करायचं, तळं परत येईल. कायमचा इलाज म्हणजे बाहेर पाठवायच्या रंगीत इमेजमध्ये फक्त तीनच बँड ठेवायचे, लाल, हिरवा, निळा याच क्रमाने, म्हणजे ती कुठेही उघडली, मोबाइलवर उघडली तरी बरोबर दिसते. चारही हवे असतील तर टिफ करताना अल्फा नको असा पर्याय द्यावा लागतो. आणि हो, त्या आठ बिटच्या सुंदर चित्रावरून कुणी एनडीव्हीआय (लाल आणि इन्फ्रारेडवरून काढायचा झाडीचा निर्देशांक) काढू नका, मी बघितलंय लोकांना करताना, ताणलेल्या आकड्यांना काही अर्थ उरलेला नसतो. हिशोब मूळ फाइलवर, चित्र वेगळं.

लिस-३ चं म्हणाल तर तुमचं काही चुकलेलं नाही, त्यात निळा बँड नाहीच. रिसोर्ससॅटच्या फाइली बँड २ पासून सुरू होतात, २ हिरवा, ३ लाल, ४ निअर इन्फ्रारेड, ५ शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड. बँड १ कुठे हरवला म्हणून भूनिधीवर, म्हणजे इस्रोच्या इमेज मिळतात त्या साइटवर, पुन्हा पुन्हा डाउनलोड करणारे लोक मी पाहिलेत. निळा प्रकाश हवेत फार विखुरतो, त्यामुळे त्या बँडची इमेज धुरकट येते, आणि ज्या कामासाठी हे सेन्सर बनवले, पिकं, जंगल, पाणी, त्याला हिरवा, लाल आणि इन्फ्रारेड पुरतात. फ्रान्सच्या स्पॉटचे पहिले उपग्रहही असेच बिननिळ्याचे. म्हणूनच आपल्याकडे सरकारी ऑफिसात भिंतीवरचे बरेच जुने नकाशे लाल असतात. उसना खरा रंग करता येतो, जुनी युक्ती आहे, लाल दिव्याला लाल बँड, हिरव्या दिव्याला (हिरव्याची तिप्पट अधिक इन्फ्रारेड) भागिले चार, निळ्या दिव्याला (हिरव्याची तिप्पट वजा इन्फ्रारेड) भागिले चार, रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन मिनिटांचं काम. झाडी हिरवी होते, नकाशा गावात नेण्यासारखा होतो. पण लोणारच्या गुलाबीसाठी हे वापरू नका प्लीज. तिथला निळा आकडा मोजलेला नाही, बनवलेला आहे, आणि तुमचा सगळा मुद्दाच रंगाचा आहे. शिवाय लिस-३ चा पिक्सेल साधारण साडेतेवीस मीटरचा, सेंटिनलच्या दृश्य बँडचा दहा, एवढ्याशा तळ्याला सेंटिनलच बरा.

पायथॉनवाल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी घाईत, कारण तिथेही हेच भूत वेगळ्या साडीत येतं. रास्टेरिओ बँड एकपासून मोजतो आणि नमपाय शून्यापासून, त्यामुळे बँड ३ म्हणजे अ‍ॅरेमधला २. रास्टेरिओ बँड आधी आणि ओळी-रकाने नंतर देतो, मॅटप्लॉटलिबला बँड शेवटी लागतो, फिरवून घ्या. सोळा बिटचे आकडे तसेच दिले तर २५५ च्या वरचं सगळं कापलं जाऊन पांढरंशुभ्र येतं, आधी ३००० ने भागून ० ते १ मध्ये आणा. आणि ओपनसीव्ही निळा-हिरवा-लाल या क्रमाने चालतं, तिथून लिहिलेली इमेज निळी आली तर माझ्या चिरेखाणीची आठवण काढा.

तर ताई, तुमच्यासाठी आता काम एवढंच. मे अखेरची एक आणि जूनमधली एक अशा ढग नसलेल्या दोन तारखा शोधा, जूनमध्ये आभाळ असतं त्यामुळे तळ्यावर ढगाची सावली नाही ना हे झूम करून बघा, सावलीतलं पाणी वेगळंच दिसतं. दोन्हीचे बी०४, बी०३, बी०२ याच क्रमाने तीन बँडचे व्हर्च्युअल रास्टर करा, म्हणजे १-२-३ हाच खरा रंग होतो आणि पुढे कुणाला काही समजवावं लागत नाही. बेसलाइन तपासा, दोन्हीला ० ते १५००. शेजारी शेजारी लावा. आणि खाली तिसरं चित्र म्हणून ते तुमचं "चुकलेलं" एफसीसी पण ठेवा जूनचं, हिरव्या तळ्याचं, आणि तिन्हीच्या खाली कुठल्या दिव्याला कुठली तरंगलांबी ते लिहा. मला परीक्षक म्हणून बोलावलं असतं तर मी त्या तिसऱ्या चित्रावरच प्रश्न विचारला असता. आयडेंटिफायचे खरे आकडे आले की इथे टाका, माझे समजा धरलेले किती चुकले ते मलाही बघायचंय.